अण्णाचा रिकामा तळहात

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आभाळात विमानाची घरघर ऐकू आली की आजही माझ्या हातातलं काम थांबतं. त्यात माझी नात गिरिजा हवाई दलात निवडली गेली आणि विमान चालवायच्या प्रशिक्षणाला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या सगळ्या परंडा गावानं तिला हार घातले. मी मात्र देवघरात बसून महादेवाला म्हणत होते, काही कर, पण हिला अडव.

माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, आम्ही असंच पाठवलं होतं. लढाईचे दिवस होते. तो विमान शिकत होता आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आला होता. मी नऊ वर्षांची. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आमच्याकडं कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. मला वाटलं, लिंगच सापडलं नाही तर अण्णा जाईलच कसा? तो आंघोळीला गेला तसं मी त्याचं लिंग उचललं आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसलं. आईनं सगळं घर पालथं घातलं. शेवटी कुर्डुवाडीची एसटी लागली, तसा अण्णा माझ्या डोक्यावरून हात फिरवून लिंगाशिवाय तसाच निघून गेला.

महिन्याभरात तार आली. सरावाचं विमान कोसळलं होतं. अण्णा बावीस वर्षांचा होता, शत्रू त्यानं बघितलासुद्धा नव्हता. समाधी देताना, म्हणजे पुरताना, आमच्या गुरूंनी, जंगम स्वामींनी, त्याच्या गळ्यात दुसरं लिंग बांधलं. आई मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, "लेकराच्या अंगावर लिंग न्हवतं, म्हणून झालं गं हे." मी तिच्या शेजारी बसून ऐकायची आणि तोंड उघडायची नाही. कणगी रिकामी झाली तेव्हा ते लिंग मी गुपचूप काढून घेतलं. लग्न होऊन गावातल्या गावात सासरी आले, तेव्हा ते माझ्या ट्रंकेच्या तळाशी होतं. भावाला मीच मारलं, हे मी धरूनच चालले होते. असं ओझं घेऊन बाई हसते, सणवार करते, पोरं वाढवते, कुणाला कळतसुद्धा नाही.

गिरिजाच्या जाण्याला तीन दिवस उरले आणि माझ्या हातांनी पुन्हा तेच केलं. तिची मूळ कागदपत्रांची फाईल मी उचलली आणि गाद्यांच्या थप्पीत सारली. पोरगी रडकुंडीला आली. कागद नसतील तर जागा जाणार होती. "आज्जी, तू तरी बघितलीस का गं?" असं तिनं विचारलं, आणि मी, साठी उलटलेली बाई, तिच्या डोळ्यांत बघून "न्हाय" म्हणाले. एकीकडं तिचं स्वप्न मोडत होते, दुसरीकडं तिचा जीव वाचवत होते. खरं काय ते मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ दारात आले. तुळजापूरचं दर्शन करून परत निघाले होते. वाटेत अण्णाचं गाव आहे हे आठवलं, म्हणून विचारत विचारत आले. प्रशिक्षणात अण्णाच्या शेजारच्याच खाटेवर ते झोपायचे.

चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "त्याची एक धाकटी बहीण होती ना?"

"मीच ती."

त्यांनी बशी खाली ठेवली. "रोज पहाटे तो डावा तळहात पुढं धरून, डोळे मिटून बसायचा. हातात काहीच नसायचं. आम्ही चेष्टा करायचो, तर म्हणायचा, 'माझं लिंग धाकटीनं कणगीत लपवलंय, मी जाऊ नये म्हणून. तिच्या केसांत ज्वारीचे दाणे होते. काढून आणलं असतं तर तिला मार बसला असता. असू दे तिच्यापाशी, मला हा तळहात पुरे.' गेला त्या सकाळीसुद्धा तसाच बसला होता. शांत होता अगदी."

मी पदरात तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडले. अण्णाला माहीत होतं! मला पाठीशी घालून, न रागावता तो गेला होता. आणि हा माणूस इतकी वर्षं सोडून नेमका आजच का आला? कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही.

पाहुण्यांच्या देखतच उठले, गाद्या उपसल्या आणि फाईल गिरिजाच्या हातात दिली. सगळं सांगितलं. ती लई चिडली. चिडायलाच पाहिजे होतं. संध्याकाळी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, भ्या वाटलं तर मला सांगत जा. लपवालपवी नको." दुसऱ्या दिवशी स्वामींना बोलावून अण्णाचं लिंग मी त्याच्या समाधीपाशी पुरून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिजाला एसटीत बसवून दिलं.

त्याला आता काही महिने झाले, आज तिचं पहिलं उड्डाण आहे. भीती काही गेलेली नाही. पहाटे पूजेला बसले, तर "तिला सांभाळ" एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं, "महादेवा, ती तुझीच. आणि मी लई घाबरलेय." इतक्या वर्षांत त्याच्याशी मी पहिल्यांदा खरं बोलले.