खाली राहिलेला हात

शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात गुळाचं एक जुनं, माडीवरचं गोदाम होतं. गूळ गेला, मुंग्या राहिल्या, आणि त्या मुंग्यांच्या संगतीत आण्णांनी १९९२ साली शाळा काढली. आण्णा म्हणजे निवृत्त मास्तर, सदतीस वर्षं छडी चालवून तिचा वीट आलेले. त्यांच्या शाळेला घंटा नव्हती, बाक नव्हते, परीक्षा नव्हती. ज्याला जे शिकायचं असेल ते त्यानं आधी सांगायचं, मग ताई त्याच्याजवळ बसणार. पेठेतल्या लोकांना हसू आवरत नसे. "तितं पोरं मास्तरला शिकवत्यात म्हणं!" असं चहाच्या गाड्यावर टाळ्या देऊन सांगणारे वर्षभरात आपलीच पोरं हाताला धरून आणून सोडत. कारण एवढंच, की इथली पोरं शाळेला जाताना रडत नसत.

ताई म्हणजे विद्याश्री. गडहिंग्लजकडची, घरात कानडी, बाहेर मराठी. डी.एड. होऊन आली तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि दोन वर्षं राहून परत जायचं असं आईला, अव्वाला, सांगून आली होती. अव्वाचं नाव महादेवी. नवरा गेलेला, लेक एकुलती एक, आणि डोळे दर वर्षी थोडे थोडे मिटत चाललेले.

शाळेत रोज सकाळी जाजमावर बैठक व्हायची. डबा कधी खायचा, रंकाळ्यावर जायचं की फुटबॉलची मॅच बघायची, सगळं पोरंच ठरवत. पहिल्या वर्षी तीस पोरांनी मॅचला हात वर केले आणि हात खाली ठेवलेलं एकच पोरगं, प्रसेनजीत, गर्दीच्या भीतीनं स्टेडियमवर अख्खा वेळ डोळे गच्च मिटून बसलं. ते बघून विद्याश्रीला रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नियम केला. एक हात जरी खाली असला तरी गोष्ट थांबणार. त्या मुलाला 'का' म्हणून विचारायचं नाही. आठ दिवसांनी पुन्हा सगळ्यांना विचारायचं.

नियम चांगला होता, पण कोंबडीनं त्याची फार परीक्षा घेतली. कुठूनशी एक कोंबडी गोदामात शिरली आणि जाजमाची घाण करू लागली. तिला भाजीवाल्या बायडाबाईंना देऊन टाकावं असं सगळ्यांचं मत, फक्त धाकट्या पिराजीचा हात खाली. आठवड्यामागून आठवडे गेले, कोंबडी शाळेतच. आण्णा रोज जाजम झटकत आणि विद्याश्रीकडे असं बघत की जणू अंडी तीच घालते आहे.

१९९८च्या जूनमध्ये विद्याश्रीला झेडपीच्या शाळेत नेमणुकीची ऑर्डर आली. गाव अव्वाच्या घरापासून चालत वीस मिनिटं. तीस दिवसांत हजर व्हायचं होतं. त्या रविवारी ती एसटीनं घरी गेली तर अव्वा भिंतीला हात लावून चुलीपर्यंत जात होती. परत निघताना तिनं लेकीचं मनगट धरलं. "यावाग बरती?" कधी येणार, एवढंच. "या महिन्यात येते, अव्वा. कायमची." अव्वानं मनगट सोडलं आणि पहिल्यांदाच दारापर्यंत न येता आत जाऊन बसली, इतकी ती निश्चिंत झाली.

शाळेत नुसता राजीनामा दिला असता तर भागलं असतं. पण विद्याश्री पडली सरळ बाई. मुलांशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट बैठकीत येणार, हे तिनंच शिकवलेलं. मंगळवारी ती जाजमावर बसली आणि म्हणाली, "माझी आई एकटी आहे, तिला दिसत नाही. मी गावाकडच्या शाळेत जाऊ का?"

मग एकेक हात वर जाऊ लागला. काही पोरं हात वर करता करताच डोळे पुसत होती. तीस हात मोजून झाले. एक खाली होता. आठ वर्षांची श्रुती, गुडघ्यावर हात दाबून, खाली बघत बसलेली.

"अगं, ती पोरं हायत," आण्णा दुपारी म्हणाले. "कोंबडीचं येगळं, तुझं येगळं. जा तू. मी सांगतो त्यास्नी."

"मग उद्यापासनं बैठक बंद करा, आण्णा. लहान गोष्टीत तुमचं ऐकू आणि मोठी आली की आमचं खरं, असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

तिला स्वतःचा राग आला, नियमाचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या आठ वर्षांच्या पोरीचाही आला.

पुढच्या मंगळवारी मुदतीचे अजून अकरा दिवस बाकी होते. विद्याश्री रात्रभर विचार करून आली होती. पुन्हा विचारलं तर तीस पोरं वळून त्या एकटीकडेच बघणार, आणि ती दबून हात वर करणार. प्रसेनजीतचे मिटलेले डोळे तिला आठवले. ती जाजमावर बसली आणि तिनं कोंबडीचं विचारलं. श्रुती पहिल्या रांगेत होती. तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, कोपरापासून ताठ. त्या दिवशी पिराजीनंही हात वर केला. टाळ्या पडल्या, कोंबडी बायडाबाईंकडे गेली. विद्याश्री मात्र राहिली.

त्यानंतर तिनं पुन्हा अर्ज केला नाही. ऑर्डर आली असती तर पुन्हा जाजमावरच जावं लागलं असतं. गोदामाला एकच खिडकी, खिडकीतून समोरची भिंत. जिन्याच्या अकरा पायऱ्या ती रोज चढे आणि दर पायरीला वाटे, आपण आपल्याच हातानं कडी घालून आत बसलोय. पोरांवरची तिची माया कमी झाली नाही, हा तर आणखी वैताग. माया आटली असती तर सुटता तरी आलं असतं.

अव्वा २०००च्या पावसाळ्यात गेली, एका बुधवारी. विद्याश्री पोचली तेव्हा त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे अव्वाचा देह भिंतीशी बसवलेला होता. कपाळाला विभूती, मांडीवर हात, तोंड दाराकडे. बाकीच्या बायका रडत होत्या. विद्याश्री उंबऱ्यावरच थांबली. तिला आत जाण्याचा धीर होईना, कारण अव्वा अजून वाटच बघत बसल्यासारखी दिसत होती.

२००९च्या जुलैत एका सकाळी श्रुती जिना चढून आली. एकोणीस वर्षांची, डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, खांद्याला पर्स. आण्णा आता नव्हते. चहा पिता पिता ती म्हणाली, "ताई, आमच्या कॉलेजात मी ह्या बैठकीचं सांगितलं तर कोण इस्वासच ठेवंना. मी म्हटलं, माझ्या एका हातानं आमच्या ताई राहिल्यात की!"

विद्याश्रीनं कप खाली ठेवला. नियम होता, का म्हणून विचारायचं नाही. अकरा वर्षं तिनं तो पाळला होता. आज तिनं मोडला. "का गं ठेवला होतास खाली?"

"आई मावशीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलती. घरात मी आन् बाबाच. त्यात तुमी पण जातो म्हणला. म्हटलं, दोघी एकदम नगं." श्रुती हसली. "रविवारी आई आली. मग मला काय न्हाय वाटलं. मंगळवारी हात वर करायचा म्हणून मी पयल्या रांगंत येऊन बसलोतो. तुमी इचारलंच न्हाय, ताई. तुमी कोंबडीचं इचारलं."

खाली बोळात पोरांचा गलबला ऐकू येऊ लागला होता, बैठकीची वेळ झाली होती. तिनं उठून कोपऱ्यातलं जाजम ओढलं. श्रुतीनं पर्स बाजूला टाकली आणि दुसरं टोक धरलं.