पुस्तकाच्या पाठीवरचं नाव

काल ग्रंथालयात ग्रंथपाल मालतीबाईंनी रसायनशास्त्राच्या एका जुन्या मराठी पुस्तकाच्या दोन प्रती माझ्यापुढे ठेवल्या. आमच्या प्रतीचं पहिलं पान कधीच गळून गेलंय. दुसरी परगावाहून मागवलेली, अगदी धडधाकट. तिच्यावर लेखक म्हणून कुणा शाळामास्तरांचं नाव होतं. आमच्या सूचीतल्या कार्डावर मात्र एका रावसाहेबांचं.

"अहो सर, रावसाहेब तर नुसते पुस्तकाचे मालक!" मालतीबाई हसत म्हणाल्या.

पूर्वी हौशी माणसं पुस्तकं बांधून घेत आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव उमटवत. पहिलं पान नाही म्हटल्यावर कार्ड लिहिणाऱ्यानं तेच नाव उचललं. पुढे सगळेच त्या कार्डावर विसंबले. मीसुद्धा.

खरं तर मास्तरांसाठी जीव हळहळायला हवा होता. आम्ल म्हणजे काय, क्षार म्हणजे काय, हे मराठीत सांगताना बिचाऱ्यांनी किती खाडाखोड केली असेल! पण मी जळलो तो रावसाहेबांवर. एक ओळ न लिहिता गृहस्थ लेखक होऊन बसले. मी जन्मभर रसायन शिकवलं आणि पुस्तक लिहायचं, लिहायचं म्हणत निवृत्त झालो.

माझ्या कपाटातली पुस्तकंही बांधून घेतलेली आहेत, पाठीवर माझं नाव घालून. माझ्यामागे ती ग्रंथालयालाच जायची आहेत. आज त्यातल्या एकाचं पहिलं पान सुटून हातात आलं. डिंकाची बाटली समोरच होती.

मी पान घडी करून खिशात ठेवलं.