सहा पिंपांची मिरीदाणी

आमच्या युटलंडमधल्या नॉरेबेक गावात माणसाची तिशी आली आणि लग्नाचा पत्ता नसला, की त्याच्या दारात मिरीदाणी उभी राहते. जेवणाच्या टेबलावरची नव्हे. तेलाची रिकामी पिंपं एकावर एक चढवून, वर गोल टोपण बसवून केलेली, माणसाला मान वर करून बघावी लागेल अशी. दोस्तमंडळी ती भल्या पहाटे गुपचूप आणून उभी करतात, वर झेंडा लावतात आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर मिरपूड उधळतात. का, तर तू आता शिळा झालास, तुला जरा मसाला हवा. शेजारीपाजारी शिंकून शिंकून बेजार होतात आणि सगळ्यांची मोठी करमणूक होते. ज्याच्या अंगावर मिरपूड पडते त्याची होते की नाही, हे विचारायची पद्धत नाही.

ह्या मिरीदाण्या करणारा एकच माणूस, वेर्नर. नांगर मोडो, ट्रेलरचा आस तुटो, स्मशानाचं फाटक लोंबकळो, सगळं त्याच्याच वर्कशॉपमध्ये यायचं. आणि हा स्वतः एकसष्ट वर्षांचा सडाफटिंग. त्याच्या तिशीला मोठा भाऊ होल्गर ह्याने दोन पिंपं जोडून दारात आणून ठेवली होती. ती अशी काही वाकडी होती, आणि जोड असा काही लेचापेचा, की वेर्नरला तिशीचं दुःख झालं नाही, वेल्डिंगचं झालं. गावात पुन्हा असली लाज उभी राहू नये म्हणून त्याने हे काम स्वतःच्या अंगावर घेतलं, ते आजतागायत.

आता वेर्नरने लग्न का केलं नाही, हे नॉरेबेकमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. गेर्डामुळे. गेर्डा म्हणजे डेअरीवाल्याची मुलगी. होल्गरची मेहुणी एल्से कॅनडाला गेली, तिच्या मागोमाग ही पण गेली आणि तिकडचीच झाली. वेर्नर तिच्यावर जीव टाकत होता, ती गेली आणि ह्याच्या काळजाचं कुलूप कायमचं लागलं, असं सगळं गाव म्हणे. वेर्नर स्वतः ह्यातला एक शब्दही कधी बोलला नव्हता. पण नाहीही म्हणाला नव्हता. त्याला त्यात सोय होती. दुखावलेल्या माणसाला लोक फार छळत नाहीत. होल्गरच्या घरात तर वेर्नरसमोर कॅनडाचं नावही निघत नसे. फक्त कुठलीही मेजवानी असली, की त्याला न चुकता योना नावाच्या विधवेशेजारी बसवत. तेवढं तो सोसायचा.

मार्च महिन्यात होल्गर वर्कशॉपमध्ये आला, कॉफी प्यायला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "माइकेनची तिशी येतेय मे महिन्यात."

"हं," वेर्नर म्हणाला.

"सहा पिंपं लाव. जिल्ह्यात झाली नसेल अशी झाली पाहिजे."

"सहा म्हणजे खाली काँक्रीट लागेल."

"मग घाल काँक्रीट."

वेर्नर मनातून खूश झाला. माइकेन म्हणजे त्याची लाडकी पुतणी. लहानपणी शाळेतून सुटली की घरी न जाता काकाच्या वर्कशॉपमध्ये यायची, काळे हात घेऊन परत जायची आणि आईच्या, म्हणजे लिस्बेतच्या शिव्या खायची. आता ती ऑर्हुस शहरात पुलांची कामं बघत होती. महिन्या-दोन महिन्यांनी यायची ती नावाला आईबापांकडे, मुक्काम सगळा काकाच्या स्टुलावर. वेर्नरला आणखी कुणाची वाट बघावी लागत नसे, पण तिची तो बघायचा.

ईस्टरला ती आली आणि दारातच थबकली. पाच पिंपं जोडून आडवी पडली होती.

"कुणाची ही?" तिने विचारलं.

वेर्नरला खोटं बोलता येत नाही, तरी त्याने प्रयत्न केला. "चर्चला हवंय काहीतरी."

"चर्चला मिरीदाणी?"

वेर्नर पाना पुसत राहिला. माइकेन स्टुलावर बसली. येताना आणलेले गोड बन तिने पिशवीतून काढलेच नाहीत.

"काका, मग मी नाही येणार वाढदिवसाला. खरंच सांगते. आणि नंतरही फारशी नाही येणार. मला दर वेळी तेच होतं इथे. आई विचारते कुणी भेटला का, बाबा विचारतात कुणी भेटली का, आम्ही काही जुन्या वळणाचे नाही हो म्हणून. माझ्याशेजारी कुणालातरी आणून बसवतात. आणि आता हा मनोरा, जिल्ह्याला दिसेल असा, की बघा, हिला अजून कुणी नाही."

"भेटेल की," वेर्नर सवयीने म्हणून गेला. स्वतःला ऐकवलं गेलेलं वाक्यच त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि त्याची त्यालाच चीड आली.

"मला भेटायला नकोय कुणी. मी कुणाच्या प्रेमात पडत नाही, काका. कधीच पडले नाही. पुरुषाच्या नाही, बाईच्या नाही. अंगाची ओढही वाटत नाही. मी पुष्कळ वाट बघितली, म्हटलं येईल कधीतरी. मग कळलं, असे पुष्कळ लोक असतात. शब्द आहेत त्याला. प्रेमात न पडणारी ती अ‍ॅरोमँटिक, आणि ओढ न वाटणारी ती असेक्शुअल. दोन्ही एकाच माणसात असतीलच असं नाही. माझ्यात आहेत."

वेर्नरने दोन्ही शब्द तोंडात घोळवून बघितले आणि दोन्ही वेळा वाटेत अडकला.

"औषध असतं का त्याला?"

"आजार नाही तो."

"दुखतं?"

"फक्त मेजवानीत."

वेर्नरच्या मिशीत काहीतरी हललं. मग त्याने पाना ठेवला आणि चौकशीच सुरू केली. "म्हणजे हे सगळ्यांनाच शब्द आहेत का? आपला ऑर्गन वाजवणारा पाऊल आणि त्याचा भाडेकरू बेन्त?"

"ते समलिंगी आहेत, काका. भाडेकरू कसला? सगळ्या गावाला माहितेय."

"मलाही माहितेय. त्यांचा पलंग मीच वेल्ड केलाय. एकच होता." वेर्नर बोटं मोजत होता. "आणि ढोरांच्या डॉक्टरांची मुलगी होती, आता मुलगा झालाय, माल्टे?"

"तो ट्रान्स. आणि झाला नाही, होताच. आपल्याला उशिरा कळलं. पण तो कुणाच्या प्रेमात पडतो ही वेगळी गोष्ट, आणि तो कोण आहे ही वेगळी. लोक दोन्हीची खिचडी करतात."

"बोल्ट वेगळा, नट वेगळा."

"हे उदाहरण दुसरीकडे कुठे देऊ नकोस."

"बरं. आणि स्मशानाचं काम बघतं ते किम? बाईही नाही म्हणतं, बुवाही नाही म्हणतं."

"नॉन-बायनरी."

"हाक मारली की येतं. फाटक वेळेवर उघडतं. माझं काही म्हणणं नाही." असं म्हणून वेर्नर पुन्हा पिंपांकडे बघत बसला. गावातल्या एकेकाला नीट जागा मिळाली होती. राहता राहिला एकच माणूस, आणि तो कोण हे वेर्नरला आता लख्ख दिसत होतं.

"काका, तुला हे कठीण जाईल, मला कळतं," माइकेन उठत म्हणाली. "तुझं गेर्डावर एवढं प्रेम होतं."

वेर्नरने तोंड उघडलं. मग मिटलं. साठ वर्षांचं मिटलेलं तोंड असं एका फटक्यात उघडत नाही. माइकेन बन तसेच घेऊन निघून गेली, आणि ह्या गृहस्थाने तिला गाडीपर्यंत सोडायला जाण्याऐवजी पिंपांवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी तो होल्गरकडे गेला, सांगायचंच असं ठरवून. दोघे भाऊ अंगणात उभे राहिले. पावसाबद्दल बोलले. होल्गरच्या ट्रॅक्टरच्या क्लचबद्दल बोलले. पुन्हा पावसाबद्दल बोलले. आमच्या युटलंडच्या पुरुषांना मनातलं सांगण्यापेक्षा दाढ उपटून घेणं सोपं वाटतं, त्याला कोण काय करणार. शेवटी होल्गर आत गेला आणि लिस्बेत बाहेर आली, तेव्हा वेर्नर म्हणाला, "ती मिरीदाणी नको करूया. माइकेनला नकोय. तिला लग्नच नकोय. कुणीच नकोय. ती तशीच आहे."

लिस्बेतने त्याच्या दंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "वेर्नर, तुझ्याच तोंडून हे यावं? एकट्याने जन्म काढणं काय असतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तुझे हाल आम्ही डोळ्यांनी बघितलेत. माझ्या लेकीचं तसं होऊ नये, एवढंच मागते मी."

वेर्नर चाट पडला. त्याचे हाल? स्वतःचं वर्कशॉप, स्वतःची कॉफी, रविवारी खाडीवर मासेमारी, कुणाला उत्तर देणं नाही. ह्यापेक्षा सुखी माणूस त्याला तरी माहीत नव्हता. आणि इतकी वर्षं सोयीची म्हणून त्याने राहू दिलेली ती गेर्डा आता त्याच्याच पुतणीच्या वाटेत आडवी पडली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. घरी येऊन त्याने माइकेनला फोन लावला.

"ये तू. घरासमोर मिरीदाणी नसेल. शब्द देतो."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. पण ये."

वाढदिवसाच्या सकाळी होल्गर मिरपुडीचं पातेलं घेऊन अंगणात आला, तर अंगण रिकामं. त्याने वेर्नरला फोनवर फोन केले. तेवढ्यात पहिले पाहुणे आले ते हसतच. कारण होल्गरकडे यायला वेर्नरच्या दारावरूनच यावं लागतं, आणि वेर्नरच्या दारात सहा पिंपांची मिरीदाणी उभी होती, काँक्रीटसकट, ओळंब्यात सरळ, वर झेंडा. तिच्यावर हातभर अक्षरांत रंगवलं होतं: वेर्नर, वय एकसष्ट.

"ह्याला वेड लागलंय," होल्गर म्हणाला. पण पाहुणे आलेले, डुकराचं मांस ओव्हनमध्ये, करणार काय. माइकेनही आली. ती मिरीदाणीपाशी गाडी थांबवून बराच वेळ बसली होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

वेर्नर कोट घालून आला आणि आपल्या ठरलेल्या जागी, योनाशेजारी, बसला. माइकेनशेजारी एक दातांचा डॉक्टर आणून बसवला होता. रस्सा फिरला, बटाटे फिरले, आणि वेर्नरने चमच्याने ग्लास वाजवला. सगळ्यांचे घास हातातच राहिले. वेर्नर भाषण करतोय म्हणजे एक तर कुणीतरी गेलंय नाहीतर आग लागलीय.

तो उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून त्याने खुर्ची धरली.

"गेर्डाच्या सायकलची चेन पडली होती," तो म्हणाला. "मी बसवून दिली. तीन वेळा पडली, तीन वेळा बसवली. एवढंच होतं आमचं."

"मी कुणाच्या प्रेमात पडलो नाही. कधीच. मला वाटायचं माझ्यात एक भाग बसवायचा राहून गेलाय. पण गाडी तर चालत होती, म्हणून मी बोललो नाही. आता माइकेन सांगते, त्याला शब्द आहे. मला तो नीट म्हणता येत नाही. पण मी तोच आहे, आणि तीही तीच आहे. एकाच कारखान्यातली आहोत आम्ही. माझे हाल झाले नाहीत, लिस्बेत. मी मजेत आहे. तेव्हा तिचीही चिंता करू नका, आणि तिच्या शेजारी कुणाला बसवू नका. बस्स." आणि तो बसला.

सगळ्यात आधी योना बोलली. "म्हणजे इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसून मी ते गिअरबॉक्स ऐकले ते उगीचच?"

"तूच विचारायचीस."

"मला तुझी कीव यायची म्हणून," योना म्हणाली. "देवा, सुटले मी. पुढच्या वेळी मला पाऊल आणि बेन्तजवळ बसवा. तिथे हसतात तरी."

माइकेन हसायला लागली ती थांबेचना, आणि हसता हसता रडायला लागली. ती उठून काकाच्या मागे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. दातांच्या डॉक्टरने शहाणपणाने आणखी बटाटे घेतले. लिस्बेत लेकीकडे बघत होती, मग दिराकडे, मग पुन्हा लेकीकडे. "मजेत आहेस का गं तू?" तिने विचारलं. "आहे, आई," माइकेन म्हणाली, आणि लिस्बेतने हा प्रश्न ह्याआधी कधी विचारलाच नव्हता हे तिचं तिलाच उमगलं.

होल्गर मात्र लालबुंद होऊन बसला होता.

"तेहतीस वर्षं," तो म्हणाला. "लिस्बेतची सख्खी बहीण कॅनडात आहे. दरवर्षी बोलावते. आम्ही एकदाही गेलो नाही. तुला त्रास होईल म्हणून. ह्या घरात मी कॅनडाचा म्हणून मेपलचा पाकही आणू दिला नाही."

भावाने आपल्यासाठी काय सोडलं होतं, हे वेर्नरला आत्ता कळत होतं. पण आमच्याकडे काही झालं तरी माणूस तेवढंच बोलतो.

"मग जा की आता," तो म्हणाला.

"जातोच," होल्गर म्हणाला.

आणि गेले. शरदात नवरा-बायको दोघेही गेले. निघायच्या आदल्या दिवशी होल्गर शिडी घेऊन वेर्नरच्या दारात आला, मिरीदाणीवर चढला आणि वेर्नरच्या नावाखाली रंगाने लिहिलं: माइकेन, वय तीस. माफी वगैरे काही मागितली नाही. "सरळ आलंय का?" एवढंच विचारलं. "वाईट नाही," वेर्नर म्हणाला. ह्याहून मोठं कौतुक आमच्याकडे नसतं. माइकेनने त्याचा फोटो काढून ऑर्हुसच्या ऑफिसात लावलाय.

तीन आठवड्यांनी होल्गर परतला, गालांवर तजेला, हातात मेपलचा पाक. कॉफी झाल्यावर त्याने सांगितलं, "गेर्डा भेटली. एल्सेकडे जेवायला आली होती. नातवंडं आहेत तिला."

"हं."

"तुझा नमस्कार सांगितला. म्हणाली, कोण वेर्नर? बराच वेळ आठवेना तिला. मग म्हणाली, हां, तो सायकलवाला."

वेर्नर समाधानाने हसला. "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

"आणखी म्हणाली," होल्गर कप खाली ठेवत म्हणाला, "की तू बसवलेली ती चेन चर्चच्या वळणापर्यंतसुद्धा टिकली नाही. तिन्ही वेळा."

त्या रात्री, आयुष्यात पहिल्यांदाच, वेर्नरला गेर्डापायी झोप लागली नाही.