अक्काची एकादशी आणि मांजरीची सुई

मी मूळचाच भित्रा. अंगावर पाल पडली तर आठ दिवस त्या भिंतीकडे न बघणारा माणूस. आणि पोटासाठी काम काय करायचो, तर नवी पेठेच्या तोंडाशी असलेल्या एका दवाखान्यात कंपौंडरकी. लोकांना वाटायचं, दिवसभर सुयांत वावरणाऱ्याला भीती कसली. त्यांना काय सांगणार? सुई उकळून देणं वेगळं आणि ती आपल्या हातानं जिवंत अंगात खुपसणं वेगळं. ते काम डॉक्टरांचं होतं. माझ्यावर ती पाळी आली एका मांजरीमुळे.

मांजरी अक्काची. अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर नातेपुत्याहून सासरची माणसं तिला एका ट्रंकेसकट आमच्या दारात सोडून गेली, तेव्हा ती विशीचीही नव्हती. पुढे आई-वडील गेले, माझं लग्न ठरता ठरता राहून गेलं, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. जिन्याखाली सापडलेलं एक करडं पिल्लू तिनं पदरात घालून वर आणलं, त्याला आता तेरा-चौदा वर्षं झाली होती. अक्का तिला ‘बाई’ म्हणायची आणि मला ‘अरे’. घरात कोणाचा मान किती, ते एवढ्यावरून समजावं.

बाईची एक खोड होती. अक्का ताटावर बसून पहिला घास घेत नाही तोवर ती आपल्या वाटीला तोंड लावायची नाही. एकदा अक्का तापानं पडली, तेव्हा मी दोन दिवस दूधभाकरी कुस्करून पुढं करत होतो. बाईनं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन अक्काच्या उशाशी बसली. एकादशीला अक्का भगर खायची, म्हणून बाईही दुधात कालवलेली भगर खायची. शेजारची माणसं हसायची, की कंपौंडरच्या घरात मांजरसुद्धा माळकरी हाय.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि बाई पाणी प्यायला लागली. आधी वाटीभर, मग तांब्याभर. खायची भरपूर, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला. जन्मभर जिना उतरून परसात जाणारी मांजरी, आता तिला जिन्यापर्यंतही दम निघेना. मी दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांचं रिकामं लाकडी खोकं आणलं, त्यात वाळू भरली आणि मोरीशेजारी ठेवलं. बिचारी जायची त्या खोक्याकडेच. पण कधी पुढचे पाय आत आणि मागचे बाहेर, कधी पोचायच्या आधीच. अक्काच्या अंथरुणावर, माझ्या कोटावर, एकदा तर धुतलेल्या सोवळ्यावर. सोवळ्याच्या वेळी मला वाटलं आता अक्का भडकणार. ती नुसती खाली बसली आणि म्हणाली, “हिला काय तरी झालंय रे.”

आम्ही राहत होतो वरच्या मजल्यावर. खाली मालकांचं लुगड्यांचं दुकान. आमची जमीन म्हणजे फळ्या आणि त्यावर सारवलेली माती. एका सकाळी फळीतून थेंब गळाला तो नेमका दुकानातल्या पांढऱ्या गादीवर, गिऱ्हाईक बसलेलं असताना. मालक जिना चढून वर आले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“कंपौंडर,” ते सावकाश म्हणाले, “तुमी सज्जन माणसं. पण पुन्हा एक थेंब खाली आला, तर मी हिला पोत्यात घालून गावाबाहेरच्या माळावर सोडणार. माझा माल हाय की हितं.”

ते गेल्यावर अक्का बराच वेळ मांजरीच्या अंगावरून हात फिरवत बसली. तिला पोत्याची भीती वाटत होती. मला त्याहून वेगळीच भीती वाटत होती, कारण त्याच सकाळी मी मोरीपाशी मुंग्या पाहिल्या होत्या. खोक्याच्या कडेला जिथं ओल होती तिथं काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. घरात गूळ सांडलेला नव्हता, साखर सांडलेली नव्हती. अशा मुंग्यांबद्दल दवाखान्यात येणारे रोगी कुजबुजत सांगायचे आणि पुढे त्यांचं काय व्हायचं ते मी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी खोक्यातली वाळू काढून ते कोरडं ठेवलं. तळाशी जे मूत जमलं ते बाटलीत घेतलं आणि कोटाच्या खिशात लपवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर यायच्या आत काचेच्या नळीत लघवीतली साखर ओळखायचं निळं औषध घेतलं, त्यात आठ थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं तांबडं. मधुमेह. नळी हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो आणि डॉक्टर मागून केव्हा आले ते मला कळलंच नाही.

“कुणाची?” त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते हसले नाहीत. इन्शुलिन तेव्हा गावात नवीनच आलं होतं आणि एका बड्या रोग्यासाठी मुंबईहून बर्फात घालून यायचं. मुदत टळलेल्या दोन बाटल्या कपाटात पडून होत्या. डॉक्टरांनी त्या माझ्यापुढे ठेवल्या.

“ओतूनच टाकायच्या आहेत. करून बघा. अगदी थेंबानं सुरुवात करा, सकाळ-संध्याकाळ. पण एक ध्यानात ठेवा. टोचलं की पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाही गेलं तर अंगातली साखर इतकी उतरते की झटके येतात. मग ते मांजर असो की मामलेदार, दोन-तीन तासांत कारभार आटोपतो.”

मी घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, औषध सांगितलं, फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायचं तेही सांगितलं. शेवटचं तेवढं सांगितलं नाही. सुईनं मांजरी मरू शकते असं कळलं असतं तर अक्कानं मला हात लावू दिला नसता, आणि मग पोतं होतंच. शिवाय मी स्वतःची समजूत घातली, की बाई टोचल्या टोचल्या जेवतेच. अक्का ताटावर बसली की तिचं जेवण ठरलेलं. मग उगाच कशाला घाबरवायचं? घाबरायला मी एकटा पुरे होतो.

सकाळी गिरणीचा भोंगा झाला की अक्का बाईला पंच्यात गुंडाळून मांडीवर घ्यायची. मी मानेवरची कातडी चिमटीत धरायचो. पहिल्या दिवशी सुई माझ्याच बोटात गेली. अक्का देवाचं नाव घेत होती आणि मी घामानं भिजलो होतो. टोचून झालं की अक्का पाटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची, आणि शेजारी बाईची वाटी वाजायला लागायची. तो चाटण्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी दवाखान्यात जायचो नाही.

दहा-बारा दिवसांत खोकं कोरडं पडायला लागलं. मुंग्यांची रांग तुटली. मालक जिन्यात भेटले तर मान हलवून पुढे जाऊ लागले. माझी भीती निवळली, आणि तिथंच घात झाला.

एका संध्याकाळी मी वर्तमानपत्र वाचत होतो. अक्का भांडी घासता घासता म्हणाली, “उद्या एकादशी. उद्या मी निर्जळी धरणार हाय. बाईसाठी. पाणीसुद्धा घेणार न्हाई.”

“बरं,” मी म्हणालो आणि पान उलटलं.

सकाळी उशीर झाला होता. भोंगा झाला, मी टोचलं, कोट चढवला आणि निघालो. त्या दिवशी वाटी वाजण्याची वाट पाहिली नाही.

दवाखान्यात गर्दी होती. दीड-दोन तास गेले असतील. खोकल्याचं औषध बाटलीत भरून मी एका म्हातारीपुढे ठेवलं, तर ती घेईना.

“ह्यात साखर-बिखर ठीक हाय बाबा, पण उपासाला न चालणारं काय न्हाई न्हवं? आज एकादशी हाय. मी बिनाखाल्ल्याची हाय.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. अक्का निर्जळी. अक्का ताटावर बसणार नाही. अक्का ताटावर बसणार नाही म्हणजे बाई खाणार नाही. मिक्श्चरसाठी केलेल्या साखरेच्या पाकाची बाटली उचलली आणि डॉक्टरांना न विचारता पळत सुटलो. नवी पेठेत कापडवाल्यांच्या गाड्या उभ्या होत्या, एक टांगा आडवा आला, कुणीतरी ओळखीचं हाक मारत होतं. मी मनात एकच हिशेब करत होतो, भोंगा झाल्याला किती वेळ झाला.

अक्का देवांपुढे जपाला बसली होती. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. चेहरा समाधानी होता.

“हळू. झोपलीय बघ कशी. आज सकाळपासनं पाणी मागितलं न्हाई की कुटं घाण केली न्हाई. उपास पावला रे.”

बाई तिच्या मागे चटईवर पडली होती. झोपलेली नव्हती. डोळे उघडे होते, पाय ताठ होते आणि जबडा बारीक बारीक कापत होता. मी तिला मांडीवर घेतली, पाकात बोट बुडवलं आणि हिरड्यांना चोळलं. पुन्हा चोळलं. एकदा तिचे दात माझ्या बोटात रुतले, तरी मी चोळत राहिलो. अक्का जपमाळ हातात तशीच धरून विचारत होती, काय झालं, अरे काय झालं. इतका भ्यालो मी आयुष्यात कधी नाही, आई गेली त्या दिवशीही नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग जबड्याचं कापणं थांबलं. बाईनं मान उचलली आणि माझ्या मनगटावरचा पाक एकदा चाटला. तेव्हा मी अक्काला जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकलं. “आधी का न्हाई सांगितलंस?”

“तू टोचू दिलं नसतंस.”

“न्हाईच दिलं असतं.” बाईकडे बघत ती म्हणाली, “म्हंजे माझ्या उपासानं मरत होती.”

“माझ्या सुईनं.”

नुसत्या पाकावर भागणार नव्हतं, अन्न पोटात जायलाच हवं होतं, आणि भगर शिजेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी उपास करत नसे, म्हणून अक्का माझ्यापुरत्या दोन भाकऱ्या टाकायची. त्यातली एक दुधात कुस्करून मी बाईपुढे ठेवली. बाईनं वाटीकडे पाहिलं. मग अक्काकडे पाहिलं आणि तशीच बसून राहिली.

अक्कानं देवांकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून तिनं एकही एकादशी मोडलेली नव्हती. त्यांच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात एवढंच उरलंय, असं ती मला एकदा म्हणाली होती. तिला नरकाची भीती खरोखर वाटायची, मला पालीची वाटते तशी. तिनं माळ पाटावर ठेवली. माझ्या दुरडीतली दुसरी भाकरी काढली, तुकडा मोडला आणि डोळे मिटून तोंडात घातला. शेजारी वाटी वाजायला लागली.

“मला पाप लागंल का रे?” घास गिळल्यावर तिनं विचारलं.

मी बोटाला चिंधी बांधत राहिलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा एकादशी आली. भगर बाई हल्ली नुसती हुंगून सोडायची, पोटभर खायची ती भाकरीच. भोंगा झाला. सुई उकळून तयार होती, पण माझा हात पुढे होईना. मला वाटलं, आज टोचायचंच नाही, एक दिवस राहिलं तर राहिलं. अक्का उठली. तिनं देवांपुढचा पडदा ओढून घेतला, पाट मांडला, ताटात पांढरी भाकरी घेतली आणि बाईला पंच्यात गुंडाळून माझ्यापुढे धरली. तिचा चेहरा भीतीनं उतरलेला होता.

“टोच,” ती म्हणाली. “मी जेवतीय.”