ओरिजिनल बघितलं का?

नानासोंना मानसशास्त्र कितपत कळत होतं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन की माझ्यापेक्षा जरा कमी आणि आमच्या विभागप्रमुखांपेक्षा जरा जास्त. शिक्षण जुनी मॅट्रिक. अठरा वर्षं लष्करात, त्यातली बरीचशी कारकुनीत. हवालदार होऊन पेन्शनीत निघाले आणि साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक मराठी आणि एक इंग्रजी टाइपरायटर घेऊन बसले. शेजारचे टायपिंगवाले कोर्टाचे कागद करायचे. नानासोंकडे एकदा एम.ए.चा एक मुलगा चुकून प्रबंध घेऊन आला, आणि तिथून पुढे पलूसपासून फलटणपर्यंत मानसशास्त्राचा जो विद्यार्थी अडेल, तो त्यांच्या बाकावर येऊन बसायला लागला.

हस्तलिखित हातात आलं की ते आधी शेवटचं पान उघडायचे, संदर्भसूचीचं. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, कंसात साल, पुस्तकाच्या नावाखाली रेघ, मग गाव, मग प्रकाशक. स्वल्पविराम चुकला तरी कागद परत. ही अमेरिकेतली पद्धत त्यांनी कुणा प्राध्यापकांच्या फाटक्या पुस्तिकेवरून पाठ केली होती, आणि ती ते परेडच्या शिस्तीनं पाळत.

"ह्ये पुस्तक तुमी सोता बघितलंय? ओरिजिनल?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

"नाही, दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे."

"मग तसं लिवा. ओरिजिनल बघितल्याबिगर ट्रू कॉपीचा शिक्का मारायचा न्हाई. आमच्या युनिटात ह्याच्यावरनं एकाची दंडावरची फीत गेलती."

मुलं वैतागायची, पण मुकाट सांगलीला जाऊन लायब्ररीत ते पुस्तक बघून यायची.

संदर्भाच्या बाबतीत इतका कडक माणूस नमुन्याच्या बाबतीत मात्र भलताच उदार होता. नमुना म्हणजे ज्यांच्याकडून प्रश्नावली भरून घ्यायची ती माणसं. शंभर माणसं आणायची कुठून, या विवंचनेत पोरं वाळत चालली की नानासो त्यांना रविवारी आपल्या गावी घेऊन जायचे. गाव पाटणच्या बाजूला, घरटी एक गडी फौजेत असलेलं. दिवस मावळायच्या आत शंभर फॉर्म भरून तयार. आठ वर्षांत त्या गावानं इतक्या प्रश्नावल्या भरल्या होत्या की न्यूनगंड आणि मानसिक ताण हे शब्द तिथं पारावरसुद्धा ऐकू यायचे.

मी त्यांच्याकडे गेले १९९३ साली. चार वर्षं हंगामी प्राध्यापिका होते. डिसेंबरअखेर एम.फिल.चा प्रबंध जमा केला नाही तर जागा जाणार, असं कॉलेजनं लेखी कळवलं होतं. विषय होता सैनिकांच्या पत्नींमधला एकाकीपणा. तो मला सांगलीच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी दिला होता, आणि सरांना तो कुणी दिला देव जाणे. आमच्यापैकी कुणाच्याच घरात सैनिक नव्हता.

नानासोंच्या गावच्या देवळात बायका आधीच जमल्या होत्या. पुढाकार बनुबाईंचा. बनुबाई म्हणजे नानासोंच्या मंडळी. नानासो साताऱ्याला खोली करून राहायचे आणि बनुबाई गावी शेत बघायच्या. लष्करातून सुटले तरी गडी रजेवर आल्यासारखा रविवारीच घरी यायचा, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मला चहा देता देता बनुबाईंनी विचारलं, "म्याडम, तुमास्नी कुठली उत्तरं पायजेत?"

"म्हणजे?"

"आवं, मागल्या साली फलटणची पोरगी आलती. तिला काळजी पायजे हुती, आमी समद्यांनी काळजी दिली. त्याच्या आदुगरच्या पोराला समाधान पायजे हुतं. त्याला ते दिलं."

"असं कसं देता?"

"आता पाव्हणं दारात आलं तर मोकळ्या हातानं लावायचं व्हय?"

आठ वर्षांतल्या सगळ्या प्रबंधांचा पाया माझ्यासमोर बसून बशीत चहा ओतत होता. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून बजावलं, मला कुठलंही ठरवलेलं उत्तर नको, खरं काय ते सांगा. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणाची सासू शेजारी, कुणाची जाऊ मागं. "घर भरल्यालं हाय, आमाला कसला एकटेपणा?" अशी पहिलीनं सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तिच्या मागोमाग रांग लावली. एकटं वाटतं का? कधीच नाही. रडू येतं का? कधीच नाही. खरं मागितलं आणि नव्व्याण्णव वेळा अब्रूदार उत्तर मिळालं.

एक फॉर्म कमी पडला. नानासो गाडीची चौकशी करायला गेले होते. त्यांच्या सोप्यात मी आणि बनुबाई दोघीच.

"माझा भरा की," त्या म्हणाल्या.

त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मी प्रश्न वाचत गेले आणि त्या शांतपणे सांगत गेल्या. नेहमी. नेहमी. नेहमी. शेवटचा प्रश्न होता, पती दूर असताना सर्वांत जड काय गेलं?

"पत्र," त्या म्हणाल्या.

"येत नव्हतं?"

"येत हुतं की. धाडायचं जड जायाचं. लिवणार गुरुजी. ह्यांचं आलेलं वाचणार बी गुरुजीच. परक्या बाप्याम्होरं मनातलं कसं बोलावं? मग मी गप बसायची आन् गुरुजी आपल्या मनानं लिवायचं, इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी. पोरगं तापानं फणफणत हुतं, तवा बी क्षेमच."

मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. फॉर्मवर नाव लिहायचं नसतं, म्हणून वर फक्त आकडा टाकला, शंभर.

पुढच्या आठवड्यात नानासो टायपिंगला बसले, तेव्हा भलतेच खुशीत होते. "रिजल्ट झकास हाय म्याडम. नव्व्याण्णव बाया आनंदात. ही शंभर नंबरवाली तेवढी बाद करा, कुणीतरी थट्टा केलीया."

ती कोण, ते मी सांगितलं नाही. गुप्ततेचं वचन दिलं होतं हे खरं. प्रबंधाला उशीर नको होता, हेही तितकंच खरं.

मग त्यांनी शेवटच्या प्रश्नाची उत्तरं टाइप करायला घेतली. शंभराव्या फॉर्मवर यंत्र थांबलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"ह्ये तुमी सोता ऐकलं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"हो."

"ओरिजिनल?"

"ओरिजिनल."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "माझ्या ट्रंकेत अठरा वर्षांची पत्रं हायती," ते म्हणाले. "समद्यांत काळजी नसावी. समदी गुरुजींच्या अक्षरातली. आन् मी लोकांच्या पोरांना सांगलीला धाडतोय, पुस्तक बघून या म्हणून." त्यांनी टाइपरायटरवर कापड टाकलं आणि मला उद्या या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. तिसऱ्या दिवशीही. प्रबंध जमा करायला सहा दिवस उरले होते आणि माझी सगळी पानं त्या कुलपाच्या आत. आज सांगायला लाज वाटते, पण मला राग आला तो बनुबाईंचा. इतकी वर्षं गप्प बसलात, अजून एक आठवडा बसला असता तर काय बिघडलं असतं?

चौथ्या दिवशी नानासो आले. मागे वळकटी घेऊन बनुबाई. शेत भावाला वाट्यानं दिलं होतं. बनुबाई दुकानामागच्या खोलीत शिरल्या आणि नानासो मान खाली घालून टाइप करत सुटले. एक दिवस हातात असताना माझा प्रबंध कोल्हापूरला विद्यापीठात पोचला. शंभरावा फॉर्म मी बाद केला नाही, एवढा शूरपणा केला. पण एका फॉर्मनं सरासरी हलत नाही, असं सर म्हणाले, आणि ते शास्त्रशुद्धच होतं. 'सैनिकांच्या पत्नींमध्ये एकाकीपणा आढळून येत नाही,' असा निष्कर्ष मी लिहिला. त्याच जोरावर कॉलेजात कायम झाले.

पुढे कधीही दुकानात गेलं की बनुबाईंची तक्रार तयार असायची. "आज कसं काय म्हणून इचारत्यात, आन् बरं हाय म्हटलं तर चालत न्हाई. नीट सांग म्हणत्यात. भाकरी करपायची पाळी येती म्याडम." तक्रार करताना त्या खुशीत असायच्या. गावचं नमुन्याचं खातं मात्र नानासोंनी कायमचं बंद केलं, त्यामुळे बरेच विद्यार्थी हळहळले.

सत्त्याण्णव साली मी तिथं चहा पीत बसले असताना एक मुलगी प्रबंध घेऊन आली. नानासोंनी शेवटचं पान उघडलं. सूचीत माझं नाव होतं, पुढे कंसात १९९३.

"ओरिजिनल बघितलं का?"

"हो काका. मॅडमचा प्रबंध लायब्ररीत बसून अख्खा वाचलाय."

नानासोंनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्यो ओरिजिनल न्हाई पोरी," ते म्हणाले, आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं, जरा भाईर ये. हिला ओरिजिनल बघायचंय."

बनुबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि आधी माझ्याकडे वळल्या.

"सांगू का म्याडम?"

"सांगा," मी म्हटलं. मी आता कायम झाले होते.