निघालेलं चाक परत लावलं!

गेल्या शनिवारी हडपसरला, सासवड रोडवर एक ट्रक अडकला... आणि त्याच्यासोबत एक आख्खं लग्न अडकलं.

मी तिथल्याच एका पंक्चरच्या दुकानात कामाला आहे. माझं गाव किनवटकडं. आठवीत शाळा सोडली, मग हॉटेल, कुरिअर, वॉचमन... कुठंच बूड टेकलं नाही. इथं मात्र टिकलोय. दुकान शोभाकाकूंचं, पण त्या दिवशी काकू भाचीच्या घरी बारशाला गेलेल्या. दुकानात मी एकटा.

ट्रक भानुदासअण्णांचा. पन्नाशीचा माणूस, गाडी स्वतःची, ड्रायव्हर स्वतःच. मागं मांडवाचं सामान खच्चून भरलेलं... लोखंडी पाइप, कापड, स्टेजच्या फळ्या. वाघोलीला दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न, म्हणजे मांडव संध्याकाळी उभा राहायलाच हवा.

मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरमधे खिळा घुसला होता. काम तसं रोजचंच. जॅक लावला, दोन्ही टायरची हवा सोडली, नट काढले. बाहेरचं चाक निघालं... आतलं जागचं हलेना.

घण मारला. कडेनं डिझेल सोडलं. पहार घालून लोंबकळलो. हाताला फोड आले, पण चाक ढिम्म.

मग पत्र्याच्या पट्टीनं सांध्यात खरवडलं, तर आधी चंदेरी रंग निघाला, त्याखाली लाल, त्याखाली परत चंदेरी. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा एकदम खूश... "दर दसऱ्याला मी सोता रंगवतो. चाकं काढून, आतनं, ड्रमाला बी! लक्ष्मी हाय ती माझी."

त्या लक्ष्मीच्या रंगाचे थर चाकाची रिम आणि आतला ब्रेकचा ड्रम यांच्या मधे बसून पार डिंक झाला होता. वर गंज. चाक नुसतं अडकलं नव्हतं, चिकटलं होतं.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. नवरीचे वडील, वाघोलीहून. स्पीकरवरच होते. "काय भानुदासराव, मांडव येतोय, का वऱ्हाडाला टोप्या वाटू?" अण्णांचा चेहरा एवढासा झाला. थोड्या वेळानं परत फोन... "नाही, तसं असेल तर पत्रिकेत दुरुस्ती करतो. विवाहस्थळ, सासवड रोड."

शेजारचा वेल्डर म्हणाला, गॅस मार, आत्ता निघेल. अण्णा पण म्हणाले, बघ की रं. मी नाही म्हणालो. टायर बसलेल्या रिमला आग दाखवली की टायर बॉम्बसारखा फुटू शकतो... हवा सोडलेली असली तरी. आणि वर सगळं कापडच भरलेलं.

काकूंना फोन केला, लागला नाही. तिथंच फूटपाथवर बसलो आणि ट्रककडं बघत राहिलो. एवढं वजन... आणि ते जॅकवर नुसतं आरामात बसलंय. घाम मात्र मी गाळतोय!

काकूंना एकदा रिकाम्या टिपरवर एक युक्ती करताना बघितलं होतं. पण भरलेल्या गाडीवर, आणि मी एकट्यानं... कधीच नाही. एखादा बोल्ट तुटला असता तर मांडव काय, गाडीच तिथं दोन दिवस पडली असती.

तरी उठलो. बाहेरचं चाक उचललं आणि परत चढवायला लागलो.

अण्णा ओरडलेच. "आरं ए येड्या! निघालेलं चाक परत घालतूस व्हय?"

मग पंक्चर टायरमधे हवा भरायला लागलो, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. पण मला ती हवा थोडाच वेळ हवी होती. नट हातानं बसवले, आवळले नाहीत, थोडी फट ठेवली... आतलं चाक सुटलं तर तेवढंच सरकावं, निखळू नये; त्यासाठीच बाहेरचं चाक परत हवं होतं. आतल्या चाकापुढं जाड फळी टाकली, म्हणजे गाडी त्यावर चढली की सगळं वजन आतल्याच चाकावर. जॅक काढला.

"अण्णा, आता फूटभर पुढं, फूटभर मागं. एकदम हळू. आणि ब्रेक मारा, म्हणजे वजनाच्या हिसक्यानं चाक सुटेल."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं... गाडीकडं बघितलं... मग चप्पल काढून केबिनमधे चढले.

पुढं. ब्रेक. मागं. ब्रेक. काही नाही. परत पुढं... आणि आतून 'खाडकन' आवाज आला.

बोल्ट गेला की काय! जॅक लावला, हवा सोडली, नट काढले. सगळे बोल्ट शाबूत. बाहेरचं चाक उतरवलं आणि आतल्याला हात लावला... तर ते माझ्याकडं चालत आलं राव!!

खरं सांगतो, मी रस्त्यावर नाचलो. वेल्डरनं शिट्टी मारली. मग ड्रमवरचा सगळा रंग घासून काढला, पंक्चर काढलं, चाकं चढवली, नट आवळले. दुपारच्या चहाच्या वेळेला ट्रक वाघोलीकडं निघाला.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. मुलीचे वडील. "मांडव उभा राहिला. उद्या जेवायला यायचं. फक्त हात धुऊन या, मांडव पांढरा आहे."

दोन वेळा साबण लावून गेलो. पंगतीत बसलो तर वाढणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "मुलाकडचे का मुलीकडचे?"

मी म्हटलं, "मांडवाकडचा."

त्यांना काही कळलं नाही. पण दोन जिलब्या जास्त वाढल्या.

घण कुणीही मारेल हो... पण आपल्या लक्ष्मीचं निघालेलं चाक एका परक्या पोराला परत लावू देणं सोपं नाही. भानुदासअण्णा, त्या दिवशी चप्पल काढून केबिनमधे चढलात... थँक्यू. 🙏