आधी फेरी, मग पाना

अमरावतीच्या वलगाव रोडवर श्रावण मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथे ट्रक आला की मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. आधी शेजारच्या सीटवर बसतो आणि वलगावपर्यंत एक फेरी मारायला लावतो. इंजिन तर तो ऐकतोच, पण जास्त लक्ष चालवणाऱ्याकडे असतं. कोण गिअर ओढतो, कोण ब्रेक उशिरा दाबतो, हे बघून झाल्यावरच तो गाडीखाली शिरतो. नववीत शाळा सुटली तेव्हा अकोल्याच्या उस्तादाने त्याला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.

हा नियम त्याने एकाच गाडीसाठी मोडला होता, खुशालराव इंगळ्यांच्या ट्रकसाठी. एकोणीस वर्षं तो ट्रक मिस्त्रीच्या हाताखालून जात होता. त्यात फेरी ती काय मारायची?

गेल्या जूनमध्ये एका सोमवारी खुशालराव ट्रक घेऊन आले. बरोबर त्यांचा मुलगा किशोर होता. काट्यावर नऊ लाख किलोमीटर झाले होते. चढावर इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही. क्लच घसरत होता, आणि दोन वर्षांत ही तिसरी वेळ. किशोरने सांगून टाकलं की अकोल्याचं एक गिऱ्हाईक गुरुवारी गाडी बघायला येणार आहे. क्लच बसवून घेऊ आणि गाडी देऊन टाकू.  खुशालरावांनी खिशातला रुमाल काढून काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती.

मिस्त्रीने साखळी लावून गिअरबॉक्स उतरवला. क्लच बसवला की त्याच्याभोवतीच्या पोकळीत आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहायचे, ही त्याची जुनी सवय. टॉर्च मारून त्याने आपलंच अक्षर वाचलं. आधीचे क्लच दीड-दीड लाख किलोमीटर चालले होते. मागच्या दोनपैकी मात्र एक अडतीस हजारांत गेला, दुसरा एकतीस हजारांत. आताच्या प्लेटचं अस्तर रिबिटांपर्यंत झिजलेलं, आणि प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग. किशोर डोकावून म्हणाला, "मिस्त्री, गाडी म्हातारी झाली का तुमचा हात?"

मिस्त्री हसला, पण ते त्याला लागलं. निळे डाग म्हणजे प्लेट सतत अर्धवट घासत होती. हे त्याला आधीच दिसायला हवं होतं. दोन्ही वेळा त्याने माल खराब निघाला असं म्हणून विषय संपवला होता.

मंगळवारी दिवसभर तो खपला. फ्लायव्हील घासून सपाट केलं, नवीन प्लेट भंगारातल्या एका जुन्या शाफ्टवर धरून मध्यावर बसवली, बेअरिंगही बदलून टाकलं. शेवटी पेडलला दोन बोटं मोकळीक ठेवली. पेडल दोन बोटं आत गेल्यावरच क्लच दबायला लागतो. प्लेट झिजत गेली की ही मोकळीक कमी होत जाते.

मग तो खुशालरावांना म्हणाला, "चला, वलगावले जाऊन येऊ."

खुशालरावांनी दारापाशी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि वर चढले. मिस्त्री दुसऱ्या बाजूने बसला. नाक्याच्या पुढे गेल्यावर त्याने खाली पाहिलं. खुशालरावांचा डावा पाय पेडलवर होता. दाबलेला नाही, नुसता टेकलेला. पण दोन बोटांची मोकळीक त्यातच संपली होती.

"खुशालराव, क्लचवर पाय कावून ठेवता?"

"मी? चाळीस वर्षं गाडी चालवून राहिलो मिस्त्री, मले काय शिकवता?"

"मंग थो पाय कोनाचा हाय?"

खुशालरावांनी खाली पाहिलं. पाय उचलला, आणि तो ठेवायला जागाच नव्हती. क्लचच्या डावीकडे, इंजिनाच्या झाकणाला टेकून, त्यांच्या चपला व्यवस्थित जोडीने ठेवलेल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी माणिकबाईंनी, म्हणजे खुशालरावांच्या बायकोने, कॅबिनमध्ये समोर अंबादेवीची तसबीर लावली होती. तेव्हापासून देवीपुढे पायात चपला घालून बसणं खुशालरावांना पटेना. काढलेल्या चपला ठेवायच्या कुठे, तर त्या कोपऱ्यात. अनवाणी पायाला पेडल इतकं सवयीचं झालं की तो टेकलेला त्यांना कळतही नव्हता.

"हिवाळ्यात चपला गरम राह्यते ना तिथं," खुशालराव ओशाळून म्हणाले.

परत आल्यावर मिस्त्रीने चपला घालून चालवा असं सांगितलं नाही. पत्रा कापला आणि दाराशेजारी, कॅबिनच्या बाहेर, झाकणाची एक पेटी जोडून दिली. खुशालरावांनी झाकण दोनदा उघडून पाहिलं. देवळातही चपला बाहेरच राह्यते, म्हणाले, आणि लगेच त्यात ठेवून दिल्या.

किशोरला हे सगळं थट्टेचं वाटलं. शेवटी मिस्त्रीनेच पैज लावली. गाडी चाळीस हजार किलोमीटर चालू दे, मधे पेडलला पाना लावायचा नाही. मोकळीक संपली तर ट्रक अकोल्याला पोचवायला तो स्वतः येईल. किशोरने गुरुवारचं गिऱ्हाईक पुढे ढकललं.

अंजनगावची केळी, धामणगावचं धान्य, अकोला, पुन्हा अंजनगाव, असे महिने गेले. फेब्रुवारीत नव्या क्लचचे चाळीस हजार पूर्ण झाले तेव्हा ट्रक गॅरेजसमोर येऊन उभा राहिला. या वेळी किशोरच आधी उतरला. मिस्त्रीने हाताने पेडल दाबलं आणि त्याला म्हणाला, "तूच पाह्य बाप्पा." किशोरने बोटं लावली. मोकळीक दोन बोटांना थोडी कमी, इतकंच.

त्याने बाजूला जाऊन अकोल्याला फोन लावला. गाडी विकायची नाही, एवढंच खुशालरावांच्या कानावर पडलं. ते पुन्हा काच पुसायला लागले.

"फेरी?" मिस्त्रीने विचारलं.

"आता कायले? गाडी तं चांगली हाय."

"नियम हाय."

दारापाशी मिस्त्रीनेही बूट काढले. पेटीत एकाच जोडाची जागा होती. खुशालरावांनी आपल्या चपला आत सरकवून झाकण लावलं आणि गाडी सुरू केली. श्रावण मिस्त्री आपले बूट मांडीवर घेऊन वलगावपर्यंत गेला आणि परत आला.